विश्लेषण : पगार २८ हजार, बँक म्हणते २१ लाख घ्या! मुरगूडमध्ये घर नेमके कितीचे परवडते?

गेल्या वर्षी रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार वेळा कमी केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० टक्के असलेला हा दर डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. गृहकर्जाचे हप्ते त्यामुळे हलके झाले आणि तेवढ्याच पगारावर बँका आता जास्त रक्कम मंजूर करू लागल्या. कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या गावात याचा अर्थ काय होतो? इथे एकाच घरात महिन्याचा पगार येतो, दहा दिवसांनी दूध बिल येते आणि वर्षातून एकदा उसाचे बिल येते. बँक हे सारे जोडून महिन्याची सरासरी काढते. हप्ता मात्र सरासरीने कापला जात नाही, तो ठरलेल्या तारखेला कापला जातो. घर कितीचे घ्यायचे, याचे उत्तर या फरकात आहे.

बँक कर्जाची रक्कम कशी ठरवते?

बँक दोन गोष्टी पाहते. पहिली, घराची किंमत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ही मर्यादा ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के आहे. उरलेले पैसे खिशातून घालावे लागतात.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. सर्व कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या किती टक्के असावेत, याचे प्रत्येक बँकेचे आपले गणित असते. साधारणतः ४० ते ६० टक्के हा पट्टा वापरला जातो. चालू हप्ते वजा करून जे उरते, त्यात बसेल तेवढे कर्ज मंजूर होते.

इथे एक बारीक मुद्दा आहे. हे गणित बँकेच्या सोयीचे असते. कर्ज बुडणार नाही ना, तारण पुरेसे आहे ना, एवढे ते पाहते. हप्ता भरल्यावर घरात काय उरेल, मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला पैसे असतील का, हे त्यात येत नाही.

परदेशातील ठोकताळे इथे चालतात का?

मोबाइलवर घराच्या बजेटची माहिती शोधली की अमेरिकेतील ‘२८/३६’ हा ठोकताळा हमखास दिसतो. उत्पन्नाच्या २८ टक्क्यांपर्यंत घराचा खर्च आणि ३६ टक्क्यांपर्यंत सगळी कर्जे, असे तो सांगतो. पण तो दरमहा ठरावीक पगार येणाऱ्या कुटुंबासाठी आहे. शिवाय तिथल्या कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा बराच कमी असतो. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्च पाहणीनुसार भारतात ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ४० टक्के वाटा अन्नाचा आहे. डाळ-तेल महागले की आपल्याकडे हप्त्याची जागा लगेच आक्रसते. म्हणून टक्क्यांपेक्षा रुपयांत हिशेब मांडणे सुरक्षित.

मुरगूडच्या उत्पन्नात वेगळे काय?

वेदगंगेच्या काठचा हा पट्टा उसाचा. हमिदवाडा आणि बिद्री इथले साखर कारखाने जवळ आहेत. गावोगावी दूध संस्था आहेत आणि तरुण पिढी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जाते. त्यामुळे अनेक घरांत तीन प्रकारचा पैसा येतो आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा असतो.

पगार ठरल्या तारखेला येतो. पण कंत्राटी कामगाराच्या पगारात ओव्हरटाइमचा वाटा मोठा असेल, तर ऑर्डर कमी झाल्या की तोही घटतो. दूध बिल दहा दिवसांनी येते, मात्र जनावर भाकड झाले की ते थांबते, वैरण आणि पेंडीचा खर्च थांबत नाही. दिवाळीआधीचा दरफरक हा बोनस समजावा, उत्पन्न नव्हे.

उसाचे तर वेगळेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ नुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाल्यास व्याजाचीही तरतूद आहे. तरीही बिल कधी आणि किती टप्प्यांत, यावर दरवर्षी वाद होतो. एफआरपी टप्प्यांत देण्याची मुभा देणारा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला, ही त्याच वादातील अलीकडची घडामोड. बिल आले तरी विकास सोसायटीच्या पीककर्जाची वसुली बहुधा त्यातूनच आधी होते. हातात पडते ते उरलेले.

एका कुटुंबाचे गणित मांडले तर?

हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, वाचकांनी त्या जागी आपले घालावेत.

मुलगा औद्योगिक वसाहतीत नोकरीला, हातात पगार २८ हजार. घरी दोन म्हशी, खर्च जाता दुधाचे महिन्याला ६ हजार सुटतात. वडिलांची दीड एकर ऊसशेती. एकरी ४० टन आणि टनाला ३,४०० रुपये धरले तर २ लाख ४ हजारांचे बिल होते. पीककर्ज, खते, मजुरी मिळून १ लाख १४ हजार गेले की वर्षाला ९० हजार उरतात. मोटारसायकलचा २,५०० रुपये हप्ता चालू आहे.

बँकेने फक्त पगार धरला आणि ५० टक्क्यांचा नियम लावला, तर मोटारसायकल वगळून ११,५०० रुपयांच्या हप्त्याला जागा राहते. साडेआठ टक्के दर आणि २० वर्षे मुदत धरल्यास सव्वातेरा लाखांचे कर्ज बसते. वडिलांना सहकर्जदार करून दूध आणि ऊसही धरला, तर महिन्याचे सरासरी उत्पन्न ४१,५०० होते आणि कर्ज थेट २१ लाखांवर जाते. गावातला माणूस इथेच खूश होतो. सातबारा जोडला आणि आठ लाख वाढले!

२१ लाख घेतले तर बिघडते कुठे?

२१ लाखांचा हप्ता १८,२२४ रुपये. घराचा महिन्याचा खर्च असा धरू : किराणा, वीज, गॅस, मोबाइल ११ हजार, शाळा आणि कामावर जाण्यायेण्याचे पेट्रोल ५ हजार, औषधे आणि विम्याचा मासिक वाटा २,५००, मोटारसायकलचा हप्ता २,५००. एकूण २१ हजार. पगार आणि दूध मिळून ३४ हजारांतून हप्त्यासाठी १३ हजार उरतात. म्हणजे दरमहा ५,२२४ रुपये कमी. वर्षाची तूट साधारण ६३ हजार.

उसातून ९० हजार आले की ती भरून निघते, वर २७ हजार उरतात. चांगल्या वर्षी गणित जुळते आणि धोका याच समाधानात आहे.

आता वाईट वर्ष पाहू. पाऊस लांबला किंवा पुराचे पाणी उभ्या पिकात साचले आणि ऊस चौथ्या हिश्श्याने घटला. बिल ५१ हजारांनी कमी झाले. खर्च मात्र आधीच झालेला असतो, त्यामुळे हातात ९० ऐवजी ३९ हजारच राहतात. उत्पादन २५ टक्के घटले, पण हातातला पैसा निम्म्याहून अधिक घटला. त्याच वर्षी म्हशी चार महिने भाकड राहिल्या तर आणखी २४ हजार गेले. एकूण तूट ४८ हजारांच्या घरात. मग सोने तारण जाते, त्याचे व्याज सुरू होते आणि पुढच्या वर्षीचे उसाचे बिल आदल्या वर्षीच खर्ची पडते. घर उभे राहते, घरातला माणूस वाकतो.

यात वाटणीचा विचार अजून केलेला नाही. सातबारा भावांच्या सामायिक नावे असेल तर २० वर्षांत कधीतरी वाटणी होणार. आज दीड एकरावर काढलेला हप्ता उद्या पाऊण एकरावर फेडावा लागेल.

मग झेपणारा हप्ता कसा काढायचा?

सोपा नियम असा : पगार पूर्ण धरा, दूध निम्मे धरा, ऊस शून्य धरा. ओव्हरटाइम आणि बोनस पगारात मोजू नका.

वरच्या कुटुंबाचे खात्रीचे उत्पन्न यानुसार ३१ हजार होते. त्यातून २१ हजार घरखर्च गेला, १० हजार उरले. त्यातले १,५०० अडीनडीसाठी बाजूला काढले. राहिले ८,५००. हाच झेपणारा हप्ता. त्यात साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी साधारण पावणेदहा लाखांचे कर्ज बसते. बँक ज्याला २१ लाख म्हणते, त्याला झेपतात निम्म्याहून कमी. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचे भाडे नव्या घरात वाचणार असेल, तर तेवढी रक्कम हप्त्यात मिळवायला हरकत नाही.

कर्ज कुठून घेतले यावरही बरेच ठरते. हाच ८,५०० रुपयांचा हप्ता १२ टक्के दराच्या कर्जाला लावला, तर २० वर्षांत फक्त पावणेआठ लाखांचे कर्ज बसते. ओळखीच्या पतसंस्थेत काम झटपट होते हे खरे, पण या उदाहरणात त्या सोयीची किंमत दोन लाख आहे.

व्याजदर पुन्हा वाढले तर?

वाढू शकतात, आणि झपाट्याने. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० टक्के झाला. दहा महिन्यांत अडीच टक्के.

त्याचा परिणाम एका आकड्यात दिसतो. ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या १० लाखांचा हप्ता ७,७५३ रुपये. नुकत्याच घेतलेल्या या कर्जाचा दर साडेनऊ टक्के झाला, तर महिन्याचे नुसते व्याजच ७,९१७ रुपये होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दल कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते. त्या काळात अनेकांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, काही रक्कम आधी भरणे किंवा स्थिर दराकडे जाणे असे पर्याय द्यावेत आणि हप्ता व्याजापेक्षा कमी पडू देऊ नये.

ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराला जोडलेली आहेत. दर उतरला की फायदा लवकर मिळतो, चढला की झळही तितक्याच लवकर बसते. तेव्हा सही करण्यापूर्वी आजच्या दरात दोन टक्के मिळवून हप्ता काढून पाहावा. आपल्या उदाहरणात पावणेदहा लाखांचा हप्ता ८,४६१ वरून ९,७३४ होतो. उरलेल्या १० हजारांत तो कसाबसा बसतो. तिथे जो आकडा बसत नाही, ते कर्ज आपले नव्हे.

पावणेदहा लाखांत घर होते का?

मुरगूडमध्ये बहुतेकांचा प्रश्न फ्लॅटचा नसतो, जागेवर घर बांधण्याचा असतो. जागा घरची असेल, हाताशी ३ लाख असतील, तर एकूण पावणेतेरा लाख होतात. बांधकामाचा दर चौरस फुटाला १,८०० रुपये धरला तर ६०० चौरस फुटांचे घर १० लाख ८० हजारांत बसते. त्यावर १५ टक्के जादा धरलेच पाहिजेत, कारण नळजोडणी, वीज मीटर, गटार, नगरपरिषदेची परवानगी, नकाशा, कंपाउंड हे ठेकेदाराच्या चौरस फुटाच्या दरात नसते. एकूण झाले साधारण १२ लाख ४२ हजार. बसते.

यापेक्षा मोठे घर हवे असेल तर पाया आणि कॉलम पुढच्या मजल्याच्या तयारीने घ्यावेत आणि वरचे बांधकाम पहिले कर्ज हलके झाल्यावर करावे. आपल्या वाडवडिलांनी घरे अशीच बांधली. आधी दोन खोल्या, मग सोपा, मग माडी. तयार घर एकदम विकत घेण्याच्या नादात हे शहाणपण मागे पडू नये.

प्लॉट किंवा तयार घर घेणार असाल तर दोन खर्च कर्जातून भागत नाहीत. एक, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. मुद्रांकाचा दर महापालिका, नगरपरिषद आणि ग्रामपंचायत हद्दीनुसार बदलतो. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण कमाल ३० हजार रुपये. निवासी घर महिलेच्या एकटीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. दोन, ‘वरचे’ पैसे. कागदावर १२ लाख आणि प्रत्यक्षात १६ लाख असा व्यवहार ठरला, तर बँक १२ लाखांवरच कर्ज देते. वरचे ४ लाख उसनवारीने उभे राहतात. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख रक्कम घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे.

अनुदान आणि करसवलतीवर किती विसंबावे?

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला व्याज अनुदान मिळू शकते. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत ४ टक्के, असे कमाल १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक टप्प्यांत कर्जखात्यात जमा होतात. कुटुंब म्हणजे इथे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना स्वतःच्या जागेवर बांधण्यासाठी केंद्र आणि राज्याचे मिळून अडीच लाखांचे साह्य आहे. अर्ज जरूर करावा, पण बजेट अनुदानाशिवाय बसवावे. मिळाले तर कर्ज लवकर फिटेल.

‘कर्ज काढले की कर वाचतो’ हा जुना सल्ला मात्र आता बहुतेकांना लागू नाही. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २०२५-२६ पासून करच लागत नाही. २८ हजार पगाराच्या माणसाला वाचवायला कर आहेच कुठे?

मग उसाच्या पैशाचे करायचे काय?

तो हप्त्यात धरायचा नाही, मुद्दलात घालायचा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. आपल्या कुटुंबाने दरवर्षी उसाच्या ९० हजारांतून ४० हजार कर्जात भरले, तर पावणेदहा लाखांचे कर्ज २० ऐवजी सुमारे ११ वर्षांत फिटते आणि पाच लाखांहून अधिक व्याज वाचते. ज्या वर्षी ऊस बसला, त्या वर्षी भरायचे नाही. कुणाची नोटीस येत नाही. तोच पैसा हप्त्यात बांधला असता तर नोटीस आली असती.

सही करण्यापूर्वी काय तपासावे?

बँकेला दिसत नाही ते कर्ज आधी स्वतः लिहून काढावे : पतसंस्थेचे, सोने तारण, बचत गटाचे, भिशीचे, पाहुण्यांकडून घेतलेले. यातले सारे क्रेडिट अहवालात येतेच असे नाही, पण फेडावे सगळेच लागते. जागेचा उतारा, परवानगी आणि पूररेषा पाहावी. २०१९ आणि २०२१ चे पूर कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला असावी आणि कमावत्या माणसाचा मुदत विमा कर्जाच्या रकमेएवढा तरी असावा.

आपल्या उदाहरणातील कुटुंबाचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न ४ लाख ९८ हजार. त्याला झेपणारे घर पावणेतेरा लाखांचे, म्हणजे उत्पन्नाच्या साधारण अडीच पट. बँकेच्या गणिताने ते हातातल्या तीन लाखांसह २४ लाखांचे, म्हणजे जवळपास पाच पट झाले असते. अडीच आणि पाच यांच्यामधला फरक चांगल्या वर्षी दिसत नाही. तो वाईट वर्षी दिसतो, आणि २० वर्षांच्या कर्जात वाईट वर्षे येणारच. बँकेत जाण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून गेल्या पाच वर्षांतले सर्वांत वाईट वर्ष आठवावे. त्या वर्षी किती हप्ता भरता आला असता, तो आकडा कागदावर लिहावा आणि तो घेऊनच बँकेची पायरी चढावी.